दोन बिस्किटी रंग आणि मुकुंदराव

"हॉलला रंग कुठला द्यायचा ते तुम्ही ठरवा," असं कालिंदीबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, तेव्हा मुकुंदराव लासूरकरांनी आधी मागं वळून पाहिलं. तिथं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे हे आपल्यालाच, हे लक्षात आल्यावर ते खुर्चीत जरा सावरून बसले.

ओवीचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा, साखरपुडा ठरला होता. मंडळी नांदेडची. समारंभ घरीच, हॉलमध्ये, मोजक्या माणसांत करायचा, असं म्हणता म्हणता ती मोजकी माणसं हॉलमध्ये मावेनाशी झाली होती. साड्या, आहेर, जेवण, गुरुजी, सगळं कालिंदीबाईंकडे होतं. राहता राहिला तो रंग, तो त्यांनी नवऱ्याच्या अंगावर टाकला. वर हेही बजावलं की मला विचारायला येऊ नका, मी एक अक्षर बोलणार नाही.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या, तुम्ही मुकुंदरावांच्या जागी नाही. हा माणूस अख्खी हयात सरकारी कचेरीत घालवून निवृत्त झाला आणि त्या साऱ्या काळात त्याने एकही निर्णय घेतला नाही. फाईल आली की टिपणी लिहायची, खाली 'निर्णयार्थ सादर' असं लिहून वरच्या साहेबाकडे सरकवायची, आणि डबा खायचा. घरीही तीच तऱ्हा. संभाजीनगरच्या सिडकोतला हा फ्लॅट सासऱ्यांनी पाहिला, सोफा मेहुण्याने निवडला, ओवीचं नाव मेहुणीने ठेवलं, आणि जावई तर ओवीने स्वतःच पसंत करून आणला. साठी उलटल्यावर आता पहिल्यांदाच चार भिंती त्यांच्या एकट्याच्या अखत्यारीत आल्या होत्या. अखत्यार हा शब्द त्यांना भारी आवडला. तो दिवसभर त्यांनी मनातल्या मनात घोळवला.

दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते औरंगपुऱ्यातल्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने शेडकार्डाची जाडजूड माळ समोर उघडली. मुकुंदरावांनी निळा नाकारला, गुलाबी नाकारला, हिरवा तर हातानेच बाजूला सारला. नाकारण्यात एवढी मजा असते हे त्यांना माहीतच नव्हतं. साहेब लोक आपल्या टिपण्या का नाकारत असत, याचा उलगडा त्यांना त्या दुकानात झाला. अशा रीतीने तासाभरात अख्खी माळ संपवून ते दोन रंगांपाशी आले आणि तिथंच अडकले.

दोन्ही रंग बिस्किटी. एकाचं नाव होतं 'मॉर्निंग ओट' आणि दुसऱ्याचं 'सायलेंट सँड'. ही नावं कोण ठेवतं, त्याला महिन्याला पगार मिळतो का, हे एक गूढच आहे. पण मुकुंदरावांना नावांशी कर्तव्य नव्हतं. त्यांना दिसत होतं की ओटमध्ये आत कुठंतरी गुलाबी झाक आहे, आणि सँडमध्ये अगदी किंचित, नाही म्हणायला, हिरवट. दुकानदाराला त्यांनी तसं सांगितलं. दुकानदाराने दोन्ही पट्ट्या दिव्याखाली धरल्या, चष्मा वर केला, खाली केला, आणि काका, चहा घेणार का, असं विचारलं.

शेवटी दोन्हींचे नमुन्याचे लहान डबे घेऊन मुकुंदराव घरी आले. गोकुळ पेंटरने सोफ्यामागच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन रंगवले. गोकुळ मुकुंदवाडीचा. एका हाताने ब्रश चालवत दुसऱ्या हाताने फोन कानाला लावायचा आणि फोनवर तिसऱ्याच घरच्या कामाला येतो म्हणून सांगायचा, अशी त्याची कामाची पद्धत होती. चौकोन वाळल्यावर तो दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "काका, यात दुसरा कुठलाय? दोनो तो एकच दिसून राहिले."

कालिंदीबाईंनी एक अक्षर न बोलण्याचा शब्द दुपारच्या चहापर्यंत पाळला. मग त्या कप घेऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की पाणी जास्त झालेल्या चहाचा रंग आहे, आणि दोन्ही चौकोनांचा तोच आहे. ओवीने फोटो काढून होणाऱ्या नवऱ्याला पाठवला. तिकडून उत्तर आलं, "छान आहे. दुसरा फोटो पाठव ना." फोटोत दोन्ही चौकोन होते.

अशात समोरच्या दारातून श्रीरंग पोहनेरकर आले. हे बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर यांचं मत तयार. ते आले होते वेगळ्याच कामाला. सोसायटीचा नियम असा की घरात रंगकाम काढायचं तर कमिटीची परवानगी लागते, पेंटरने लिफ्ट वापरायची नाही, आणि नळाला पाणी येण्याच्या दिवशी काम बंद ठेवायचं. हा नियम कुणी केला असं मुकुंदरावांनी विचारलं, तर तो मुकुंदरावांच्याच सहीने झाला होता. ते कधीकाळी कमिटीवर होते आणि समोर येईल त्यावर सही करून मोकळे होत. तेव्हा रीतसर अर्ज झाला. अर्जावर विचार करायला कमिटीची माणसं लासूरकरांच्याच हॉलमध्ये जमली, पोहे खाल्ले आणि परवानगीचं राहिलं बाजूला, बोलणं चौकोनांवर घसरलं.

प्रत्येकाने डोळे बारीक केले, मान तिरकी केली. एकाने बोट लावून पाहिलं, मग ते बोट सोफ्याला पुसलं. वरच्या मजल्यावरचे नानासाहेब मूळचे पाचोडचे, तिकडं मोसंबीच्या बागा राखून असलेले आणि मुलाच्या नोकरीपायी इथं येऊन राहिलेले. त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं की मुकुंदराव, दोन्ही लई झ्याक हायेत, कुठलाबी मारा. शेवटी पोहनेरकरांनी बशी खाली ठेवली आणि निकाल दिला.

"मुकुंदराव, फरक नाही. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका. नाणं उडवा."

नाणं उडवा! त्या वाक्याने मुकुंदराव आतून जे दुखावले ते कुणाला कळलंच नाही. सगळे हसले, कालिंदीबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मुकुंदरावही हसले, कारण चारचौघांत दुसरं काय करणार. पण त्यांचं म्हणणं साधं होतं. दोन्ही रंग एकच असतील तर आपण ठरवलं काय? उभ्या आयुष्यात एक गोष्ट ठरवायला मिळाली, आणि ती अशी की ठरवली काय न ठरवली काय सारखंच? म्हणजे हे पुन्हा निर्णयार्थ सादरच की. त्यांना रंगाचं कौतुक नकोच होतं. कुणीतरी एकानं, अगदी कुणीही, एवढंच म्हणावं की हो बाबा, फरक आहे. पण अख्ख्या बिल्डिंगमध्ये असा माणूस सापडेना.

मग त्यांनी हट्टच धरला. सकाळच्या उन्हात चौकोन पाहिले, दुपारच्या भगभगीत पाहिले, ट्यूब लावून पाहिले, पडदे ओढून पाहिले. नांदेडच्या विहीणबाई जिथं बसणार तिथं बसून पाहिले. विहीणबाई उंचीला कमी आहेत असं ओवीकडून कळल्यावर जरा घसरून बसूनही पाहिले. घरी कुणी आलं की चपला काढायच्या आत त्याला भिंतीपुढं उभं करू लागले. दूध टाकणाऱ्याने लासूरकरांची पिशवी खालीच गेटपाशी ठेवायला सुरुवात केली. अखेर मुकुंदरावांनी 'मॉर्निंग ओट' नक्की केला, मोठी बादली मागवली, आणि गोकुळने एक भिंत रंगवून काढली.

भिंत वाळली. चौकोनात लाजरी वाटलेली गुलाबी झाक अख्ख्या भिंतीवर चांगलीच धीट झाली होती. चुकलं. सँडच बरोबर होता. ते तडक दुकानात गेले. पण मशिनवर बनवलेला रंग कुठलाच दुकानदार परत घेत नाही, आणि याने तर वर असंही सांगितलं की काका, तुम्ही बदलून नेलं तरी घरच्यांना कळणार नाही. मुकुंदरावांनी मान ताठ ठेवून 'सायलेंट सँड'ची निम्म्या मापाची नवी बादली घेतली आणि रिक्षात मांडीशी धरून आणली. कालिंदीबाईंनी दारातच विचारलं की हा आणि कुठला? नाइलाजाने त्यांनी खरं सांगितलं. त्यावर बाईंनी जो उसासा सोडला तो बहुधा वरच्या मजल्यावर ऐकू गेला असावा, कारण थोड्या वेळाने नानासाहेबांच्या आशाबाई काय झालं म्हणून विचारायला खाली आल्या.

साखरपुडा परवावर आला होता. उद्या गोकुळने हॉल संपवायचा, कारण त्यानंतर त्याला बिडकीनला मोठं काम होतं आणि ते त्याने फोनवर तिघांना कबूल केलं होतं. अर्धी उरलेली ओटची बादली आणि तेवढाच रंग असलेली सँडची लहान बादली, दोन्ही मोरीपाशी शेजारी शेजारी ठेवून मुकुंदराव फुलवाल्याकडे गेले. कालिंदीबाई ओवीला घेऊन ब्लाउज आणायला गेल्या. किल्ली नेहमीप्रमाणे आशाबाईंकडे. आणि नेमकं त्याच वेळेला पाणी आलं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. संभाजीनगरात पाणी येणं ही घटना असते. लग्नाची तारीख काढताना गुरुजी मुहूर्त बघतात आणि यजमान पाण्याचा दिवस. पाणी आलं म्हटलं की जेवणारा ताटावरून उठतो, पूजेला बसलेला आरती आटोपती घेतो, बोलणं तोडलेल्या जावा एकमेकींच्या टाक्या भरून देतात. त्यात हे पाणी वेळापत्रक सोडून आलेलं. लासूरकरांकडे परवा पाहुणे आणि घर बंद. नानासाहेबांनी मागचापुढचा विचार केला नाही. बायकोला हाक मारली, किल्ली घेतली आणि दोघं खाली उतरली. टाकी भरली, पिंप भरलं, हंडे, पातेली, कुकर, डबे, एवढंच काय, चहाची किटलीसुद्धा काठोकाठ भरून ठेवली. नळाला धार चालूच, आणि भांडी संपली. तेवढ्यात नानासाहेबांची नजर त्या दोन बादल्यांवर गेली. दोन्हींत मिळून एका बादलीचा रंग. रंग तर एकच. मग दोन बादल्या कशाला अडवायच्या?

त्यांनी लहान बादली मोठीत ओतली. रिकामी झालेली घासून, धुऊन, लख्ख करून पाण्याने भरली आणि देवघराखाली नेऊन ठेवली.

मुकुंदराव आले तेव्हा नानासाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, घामाघूम आणि प्रसन्न असे दारात उभे होते. त्यांनी हौसेने सगळं घर फिरवून दाखवलं. मुकुंदराव किटलीपर्यंत भारावले होते. मोरीपाशी आल्यावर मात्र त्यांना एकच बादली दिसली, काठापर्यंत भरलेली, आणि तीत दोन रंगांची वळणं अजून एकमेकांत पुरती मिसळायची होती.

"हे काय केलंत नानासाहेब?"

"एकच तर कलर व्हता की. बादली मोकळी केली. पाणी काय पुन्हा येनार हाय का?"

मुकुंदरावांच्या तोंडाशी आलेलं सगळं तिथंच अडलं. या शहरात कुणावरही रागावता येतं, अगदी सख्ख्या भावावर, पण आपलं पाणी भरून देणाऱ्यावर रागवायची सोय नाही. तसं केलंत तर उद्या बिल्डिंगमध्ये तुमच्याशी कुत्रं बोलणार नाही, आणि बरोबरच आहे. मुकुंदराव म्हणाले, फार उपकार झाले. मग चहा केला, नानासाहेबांना दिला, आणि ते वर गेल्यावर प्लॅस्टिक अंथरलेल्या सोफ्यावर मटकन बसले. रडू यायचं तेवढं बाकी होतं. इतके दिवस डोळे फोडून जो फरक जपला, तो एका माणसाने प्रेमाने ढवळून टाकला होता.

कालिंदीबाईंनी परतल्यावर बादली पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि आश्चर्य म्हणजे हसल्या नाहीत. ओवी मात्र हसत सुटली होती, तिला त्यांनी ब्लाउज घालून बघायला आत पिटाळलं. मग म्हणाल्या की आता आहे तो लावून टाकू, कुणाच्या लक्षात येतंय.

कुणाच्या लक्षात येतंय! या तीन शब्दांनी मुकुंदराव सोफ्यावरून उठले. बादलीपाशी गेले, काठीने रंग नीट एकजीव होईपर्यंत ढवळला आणि बोटभर भिंतीला लावून पंख्याखाली वाळवला. त्यांना दिसलं की हा ओट नाही आणि सँडही नाही. गुलाबी होती, पण दबलेली. हिरवट होती, पण लपलेली. आणि अजून काहीतरी थोडं कमी होतं. कपाटावर नमुन्याचे ते लहान डबे पडून होते. मुकुंदरावांनी सँडचा डबा उघडला आणि कुणालाही न विचारता बादलीत धार सोडली. ढवळलं, लावलं, वाळवलं, पाहिलं. पुन्हा धार सोडली. कालिंदीबाई पोळ्या करायच्या थांबून दारातून बघत होत्या. एकदा त्यांनी बस झालं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. असं त्यांनी याआधी केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मग मुकुंदरावांनी धार तोडली, झाकण लावलं आणि म्हणाले, "झालं."

सकाळी गोकुळ आला. ही बादली लाव, चारही भिंतींना, एवढंच त्यांनी त्याला सांगितलं. आवाज असा होता की गोकुळने फोन खिशात घातला. संध्याकाळपर्यंत हॉल तयार झाला, आणि खोटं कशाला सांगा, तो रंग काही औरच उतरला. सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं की भिंत उबदार वाटायची, ट्यूबखाली शांत. साखरपुड्याला नांदेडच्या विहीणबाई त्या ठरलेल्या जागी बसल्या आणि ओवीकडे बघायचं सोडून भिंतीकडेच बघत राहिल्या. रंग कुणी निवडला, असं त्यांनी विचारलं. कालिंदीबाईंनी इमरतीचं ताट पुढं करत, आमच्या ह्यांनी, असं सांगितलं. नांदेडहून आलेल्या आत्याबाईंनी भिंतीला पाठ लावून फोटो काढून घेतले. नानासाहेब जो भेटेल त्याला सांगत होते की हॉलला आमचाबी हात लागलाय. ते शब्दशः खरं होतं, म्हणून मुकुंदरावांनी खोडून काढलं नाही.

पोहनेरकर त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण त्यांच्या सुनेने, श्रेयाने, तो हॉल पाहिला होता आणि घरी जाऊन हट्ट धरला होता की आपल्यालाही हाच रंग पाहिजे. मुकुंदरावांनी कुठली बादली आणली ते पोहनेरकरांना ठाऊक होतंच. त्यांनी परवानगीचा अर्ज स्वतःच स्वतःला दिला, स्वतःच मंजूर केला आणि 'मॉर्निंग ओट' मागवला. भिंत रंगवून झाल्यावर श्रेया म्हणाली, हा तो नाही. मग त्यांनी 'सायलेंट सँड' मागवला. श्रेया म्हणाली, हाही नाही. पोहनेरकरांनी तिला समजावलं की सगळे बिस्किटी एकच असतात. पण सून ऐकेना, आणि घरातला निम्मा हॉल एका रंगाचा, निम्मा दुसऱ्याचा, असा त्यांच्या डोळ्यांसमोर सकाळ-संध्याकाळ उभा. तुम्हीच सांगा, माणूस किती दिवस न दिसल्यासारखं करणार.

एके सकाळी लासूरकरांची बेल वाजली. पोहनेरकर दारात, दोन्ही हातांत एकेक रंगवलेला पुठ्ठा. आत येऊन त्यांनी आधी एक पुठ्ठा भिंतीला लावला, मग दुसरा. मान तिरकी केली, डोळे बारीक केले. मुकुंदराव पेपरातून डोकं वर न काढता बसून होते. पण त्याच पानावर ते बराच वेळ होते.

"मुकुंदराव," पोहनेरकर शेवटी म्हणाले, "हा तो नव्हे. दोन्ही नव्हेत. फरक आहे हो."

"काय म्हणालात?"

"फरक आहे म्हटलं. चांगलाच आहे."

मुकुंदरावांनी पेपरची सावकाश घडी केली.  नोकरी संपताना शाल-श्रीफळ देऊन साहेबाने केलेल्या भाषणात एवढं काही त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून कालिंदीबाईंना हाक मारली आणि श्रीरंगराव काय म्हणतात ते जरा ऐक, असं सांगितलं. कालिंदीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पुठ्ठे पाहिले, भिंत पाहिली.

"आहेच मुळी फरक," त्या म्हणाल्या. "डोळे असले की दिसतो."

पोहनेरकरांनी पुठ्ठे खाली घेतले. मग खाकरून त्यांनी विचारलं की मुकुंदराव, तुमचा रंग मिसळलेला आहे हे नानासाहेबांकडून कळलं, दोन्ही बादल्या घरी पडून आहेत, पेंटरही येऊन बसलाय, तर तुम्ही जरा येऊन तेवढं किती मिसळायचं ते ठरवून द्याल का? तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. आत्ता लगेच आलात तर बरं.

मुकुंदरावांना त्या सकाळी काडीचं काम नव्हतं. पेपर वाचून झाला होता, दूध आणून झालं होतं, आणि पोहनेरकरांचं दार चार पावलांवर होतं. त्यांनी घडी केलेला पेपर पुन्हा उघडला. मग म्हणाले, "चारनंतर बघू."

पोहनेरकरांनी आशेने वहिनींकडे पाहिलं. कालिंदीबाईंनी एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पोहनेरकरांच्या हातातले पुठ्ठे घेऊन टेबलावर नीट ठेवले.

"आत्ता नाही जमायचं त्यांना," त्या म्हणाल्या. "फार कामात आहेत."